शेगडी आणली, पण जोडायची कोणी?

(या भागाचं शब्दांकन. ओघात झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय. आर्वी तालुक्यातले आहेत. त्यांनी अंगणात वापरायला कोळशावरचा ग्रिल, म्हणजे झाकणाची लोखंडी शेगडी, ऑनलाइन मागवली. खोकं आलं, उघडलं, तर आत शेगडी नाहीच. पत्र्याची कढई, तीन पाय, दोन जाळ्या, झाकण, चाकं आणि नट-बोल्टांची एक पिशवी. आठ दिवसांपासून ते खोकं ओसरीत पडून आहे. हे म्हणतात, "रविवारी बसतो अन् जोडतो." वहिनी म्हणतात, "मिस्त्री बोलवा. लेकरं भोवती असतात, काही सुटलं-निघालं तर?" 26 जानेवारीला घरी पाहुणे आहेत. त्यांनी मला विचारलंय की बरोबर कोण?

प्रश्न वाचून हसू येईल, पण वहिनींचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निखाऱ्यांनी भरलेली कढई तीन पायांवर उभी असते आणि तिच्याभोवती पोरं धावत असतात. शिवाय आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस, आणि तेच दिवस घरात कापूस भरून ठेवण्याचे. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, कुठंही जा, ओसरीत नाहीतर मागच्या खोलीत पांढरा ढीग असतोच. तिथे एक ठिणगी पुरते. म्हणून शेगडीचा पाय डगमगतो की नाही, हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग कारणं सांगतो. शेगडी कोळशाची असेल तर स्वतः जोडा. गॅसची असेल तर सांगाडा तुम्ही जोडा, पण गॅसचा सांधा जाणत्या माणसाकडून करून घ्या. आणि दोन्हीकडे, मिस्त्री आला तरी, जोडताना तुम्ही शेजारी बसा.

आता कारणं. आपण असे निर्णय दोन गोष्टींवर घेतो. एक, पैसे किती वाचतील. दुसरी, मला जमेल का. माझ्या मते दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. मिस्त्रीचे पैसे फार नसतात, आणि एवढं काम जवळजवळ कोणालाही जमतं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जोडणीत चूक राहिली तर ती केव्हा कळेल, आणि कळेल तेव्हा काय झालेलं असेल?

कोळशाच्या शेगडीत चूक डोळ्यांना दिसते. पाय वाकडा असेल तर शेगडी डुलते. झाकण नीट बसत नसेल तर फट दिसते. हे सगळं आग लावण्याआधी कळतं. हाताने हलवून पाहिलं की झालं. गॅसचा सांधा सैल असेल तर मात्र डोळ्यांना काही दिसत नाही. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, पायऱ्यांच्या खाली, कोपऱ्यात साचतो. वास येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. एका चुकीला दुसरी संधी मिळते, दुसऱ्या चुकीला मिळेलच असं नाही. इथेच रेघ ओढायची.

बाहेरच्या देशातून कुणी गॅसचा ग्रिल आणला असेल तर आणखी एक भानगड. आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 मिलीबार दाबाने येतो. युरोपातले पुष्कळ ग्रिल 37 किंवा 50 मिलीबारसाठी बनलेले असतात. त्यांचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरच्या तोंडावर बसतच नाही. मग कुणीतरी नळीला नळी जोडून, तार पिळून "चालून जाते" म्हणतो. नका चालवू. गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवा, ग्रिल दाखवा. तो नाही म्हणाला तर नाही. आणि सांधा कुणीही केला असो, त्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते स्वतः पाहा. काडी पेटवून पाहणारे लोक अजून आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

बरं, आता जरा आपल्या जिल्ह्याकडे येतो. कारण हा प्रश्न वर्ध्यात पूर्वी फार मोठ्या पातळीवर विचारला गेलाय.

1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली, तिला मगनलाल गांधींचं नाव मिळालं, मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा तिथे राहून काम पाहत. घाणी, जातं, हातकागद, मधमाश्या, आणि त्याबरोबर चूल. मगन चूल याच परिसरातली. धूर चिमणीने बाहेर काढणारी, एका जाळावर एकाहून जास्त भांडी ठेवता येणारी मातीची चूल. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 रोजी झालं. अजूनही पाहता येतं, पाहिलं नसेल तर जाऊन या.

या चुलीची गंमत अशी की ती खोक्यात येत नव्हती. ती घरातच बांधावी लागायची. तोंड किती रुंद, आतली वाट किती उंच, चिमणी किती लांब, ही मापं चुकली की तीच चूल धूर घरात सोडायची. पुढे 1980च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. 2002 मध्ये तो बंद होईपर्यंत देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. त्यातल्या पुष्कळ टिकल्या नाहीत. कारणं अनेक होती, पण एक सारखं पुढे आलं: बांधणी धड नव्हती, आणि नंतर दुरुस्ती करायला कोणी नव्हतं. बांधणारा आला, चूल बांधून गेला. घरातल्या बाईला आतली वाट कशी आहे हेच ठाऊक नाही. काजळीने वाट बुजली की तिने चूल फोडायची आणि जुनी तीन दगडांची मांडायची. तिचं काय चुकलं?

पुण्याच्या आरती संस्थेने त्यावर साच्याचा रस्ता काढला. साचा असला की कुंभाराच्या हातून मापं चुकत नाहीत. म्हणजे जे बिघडलं तर फार नुकसान होतं, ते पक्कं करून द्यायचं, आणि बाकीचं घरच्या हाताला ठेवायचं. आपल्या खोक्यातल्या शेगडीतही हेच आहे की! कढई, झाकण, हवेची भोकं कारखान्यात पक्की झालेली. तुम्हाला फक्त पाय, दांडे, चाकं लावायची आहेत.

दुरुस्तीवरून आणखी एक आठवलं. 1929 मध्ये चरखा संघाने चांगल्या चरख्याच्या रचनेसाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी बघा: किंमत 150 रुपयांच्या वर नको, यंत्र वीस वर्षं चाललं पाहिजे, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. पण प्रश्न काय अचूक विचारला होता! वस्तू घेतानाच तिची दुरुस्ती विचारायची. आपण विचारतो का? खोकं घेताना आपण फोटो बघतो.

स्वतः जोडण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. ज्याने शेगडी जोडली, त्याला ती उघडता येते. पावसाळा संपल्यावर पायाचा बोल्ट गंजलेला असेल तर कुठला, हे त्याला ठाऊक असतं. तो हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तसाच बोल्ट मागू शकतो. ज्याने फक्त जोडून घेतली, तो दोन वर्षांनी ती भंगारवाल्याला देतो.

आता प्रत्यक्ष काम. आर्वीच्या दादांसाठी.

सगळं सामान आधी चादरीवर मांडा आणि यादीशी मोजून घ्या. एखादा बोल्ट कमी असेल तर तो अर्धं काम झाल्यावर कळू नये. सहा एमएमच्या बोल्टला दहाचा पाना लागतो, आठच्याला तेराचा. खोक्यात पत्र्याचा पाना देतात, त्याने बोल्टची डोकी झिजतात, घरचाच वापरा.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्यांदा कुठलाच बोल्ट पूर्ण कसू नका. सगळे बोटांनी लावा, शेगडी सपाट फरशीवर उभी करा, पाय आपापल्या जागी बसू द्या, मग आळीपाळीने कसा. वर्ध्यातल्या एका वेल्डिंगवाल्या भाऊंना मी विचारलं की लोक जोडताना कुठे चुकतात. ते म्हणाले, "बोल्ट त कोनीबी कसते जी. पाय सरके उभे हायेत का, थे कोन पायते?" यात सगळं आलं.

तिसरं, आगीजवळ स्प्रिंग वॉशर लावा. आत नायलॉनची कडी असलेला लॉक नट चाकापाशी ठीक, कढईपाशी नको, नायलॉन वितळतं. आणि पहिला जाळ रिकामा करा. अर्धा-पाऊण तास, काही न भाजता. कारखान्याचं तेल आणि नव्या रंगाचा वास निघून जाईल. थंड झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा, गरम-थंड झाल्याने ते सैलावतात.

वहिनींसाठी एक कसोटी सांगतो. कोळसा न घालता कढईत दोन विटा ठेवा आणि शेगडी चारही बाजूंनी हाताने ढकला. डुलली, करकरली, तर 26 तारखेला पेटवायची नाही. उभी राहिली तर भांडण मिटलं. जागा मात्र वहिनींनी ठरवावी: कापसापासून, कडब्यापासून, ताडपत्रीपासून लांब, वारा घराकडे नसेल तिथे. निखारे असलेली शेगडी थंडी आहे म्हणून खोलीत आणायची नाही. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काही जण म्हणतील, खोकं कशाला, आपल्या वेल्डिंगवाल्याकडूनच बनवून घेऊ. उत्तम. जाड पत्रा मिळतो आणि दुरुस्ती गावातच. फक्त दोन गोष्टी सांभाळा. भाजायची जाळी जीआयची, म्हणजे जस्ताच्या मुलाम्याची नको. जस्त साधारण 420 अंशांना वितळतं आणि कोळशाची धग त्याच्या कितीतरी वर जाते. साधी लोखंडी किंवा स्टीलची जाळी घ्या. आणि ड्रम कापून शेगडी करणार असाल तर त्यात आधी काय होतं ते विचारा. फवारणीच्या औषधाचा ड्रम अन्नासाठी कधीच नको. तेलाचा किंवा डिझेलचा बंद ड्रम कापताना आतल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो.

स्वतः जोडू नका असं केव्हा म्हणेन? कंपनीच्या कागदावर लिहिलं असेल की आमच्या माणसाने जोडली तरच वॉरंटी, तर त्याला बोलवा. पत्रा वाकून आला असेल, भोकं जुळत नसतील, तर ठोकून बसवू नका, फोटो काढा आणि परत पाठवा. आणि पाहुणे तासाभरात येणार असतील तर अजिबात बसू नका. घाईत कसलेला बोल्ट घाईतच सुटतो.

तशी वेळ आलीच, तर आपल्याला अडतंय कुठे? रोडग्यांना शेगडी लागत नाही, गोवऱ्यांची धग लागते. हुरडा खड्ड्यातल्या निखाऱ्यांत भाजतो. भरताची वांगी तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर जी होतात, ती कुठल्याच ग्रिलवर होत नाहीत. 26 तारखेपर्यंत शेगडी उभी राहिली नाही तर रोडगे लावा, पाहुणे तक्रार करणार नाहीत.

तर दादा, रविवारी बसा. वहिनींनाही बसवा, एकाने कागद वाचायचा, दुसऱ्याने पाना धरायचा. लेकरांना बोल्ट मोजायला द्या. पुढच्या वर्षी चाक निघालं तर घरात तिघांना माहीत असेल ते कसं लावायचं.

तुमच्याकडे असं पडून राहिलेलं खोकं असेल तर कळवा, त्यावर बोलू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.