नारळाचा गर्भ आणि काचेची नळी

नारळाच्या झाडाला फांद्या नसतात, आंब्यासारखे त्याचे कलम बांधता येत नाही आणि केळीसारखे मुनवेही फुटत नाहीत. नवा माड हवा तर फळच रुजवावे लागते. जिंतूर तालुक्यातल्या बोरीच्या कोरड्या हवेत माड रमत नाही. पण ओटीला आणि देवापुढे वाढवायला नारळ लागतोच. त्याची शेंडी काढली की तीन डोळे दिसतात. त्यांतल्या मऊ डोळ्याखाली, खोबऱ्यात रुतलेला, शेंगदाण्याहून लहान गर्भ असतो. बाकीचे सगळे खोबरे आणि पाणी ही त्याची शिदोरी.

फिलिपीन्समधल्या मकापुनो जातीत ही शिदोरीच कामाला येत नाही. या नारळात घट्ट खोबऱ्याऐवजी मऊ, जेलीसारखा गर भरलेला असतो. मिठाईत आणि आइस्क्रीममध्ये त्याला मोठी मागणी. पण असे फळ मातीत रुजत नाही. गर्भ निरोगी असतो, गर त्याला पोसू शकत नाही. त्यामुळे शेतकरी मकापुनो लागणाऱ्या झाडाचीच साधी फळे लावत आणि त्या माडांवर मकापुनो थोडेच लागत. १९६० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञ एमेरिता दे गुझमान यांनी गर्भ बाहेर काढून काचेच्या नळीत वाढवला. अशा रोपांच्या माडांवर बहुतेक फळे मकापुनोच येतात.

कृती नाजूक आहे. पक्व नारळ फोडून डोळ्याखालचा खोबऱ्याचा तुकडा गर्भासकट पोकळ नळीने काढतात. तो निर्जंतुक करून गर्भ सोडवतात आणि साखर, क्षार व कोळशाची पूड घातलेल्या पोषकद्रव्यावर ठेवतात. सुरुवातीला अंधार, कोंब दिसला की उजेड. एका बुरशीने सारी मेहनत वाया जाते. त्याहून कठीण असते नळीतून कुंडीत येणे: दमट हवेत वाढलेली पाने उघड्यावर लगेच सुकतात, म्हणून रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावावी लागते.

गर्भ असा नळीत वाढवण्याचा दुसरा उपयोग वाहतुकीत आहे. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने दूरच्या बेटांवरचे वाण आणण्यासाठी ही रीत वापरली. शंभर नारळांना पोती लागतात. शंभर गर्भ एका लहान डब्यात मावतात आणि सालीबरोबर येणारी कीडही टळते. मात्र एका गर्भातून एकच रोप मिळते. एका उत्तम माडाची हजारो सारखी रोपे करणे, हे वेगळे आणि फार अवघड काम आहे.