आधी वही, मग मोबाईल
(प्रभागसंघाच्या बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेले विचार)



आता गटाच्या नोंदी लोकॉस अ‍ॅपवर होतात. चांगलंच आहे, बेरजेचा त्रास वाचतो. पण बैठकीच्या दिवशी मोबाईल बिघडला, किंवा नोंदी करणाऱ्या सीआरपी ताई बाळंतपणाला माहेरी गेल्या, तर? बचत थांबत नाही ना? मग नोंदही थांबायला नको.

म्हणून आधी वही, मग मोबाईल. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे. बैठकीतच रजिस्टर लिहायचं, प्रत्येकीच्या पासबुकात बचत आणि हप्ता चढवायचा. हातातली शिल्लक मोठ्यानं वाचायची, मग अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. अ‍ॅपमध्ये भरल्यावर दोन्हीकडची शिल्लक जुळवून बघायची.

पासबुकं सचिवांच्या घरी गठ्ठा करून ठेवू नका. त्यांचं छप्पर गळलं तर वहीबरोबर पासबुकंही भिजतील. दहा जणींची पासबुकं दहा घरांत असली, तर वही परत लिहून काढता येते.

"मी पाचशे भरलेत" असं एखादी म्हणाली आणि नोंदच नसली, तर भांडण मोबाईलशी होत नाही, आपसांत होतं. गट तिथंच फुटतो. शिवाय नियमित लेखे हे आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र. बँक कर्ज देताना तेही बघते.

पुढच्या बैठकीला पासबुक घेऊनच या. वाचता येत नसेल तर घरातल्या लेकीकडून आकडे वाचून घ्या आणि इथं विचारा. पैसा तुमचा आहे, विचारायला लाजायचं कशाला?