साठवलेल्या विजेची पाळी

(शिरूर व दौंड तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिरूरला चासकमान व घोडच्या पाण्याची, दौंडला खडकवासल्याच्या कालव्याची ओळख आहे. त्यामुळे एक गोष्ट आपणांस समजावून सांगावी लागत नाही. धरण भरले म्हणजे पाणी शेतात पोहोचले, असे होत नाही. आवर्तन केव्हा सोडावयाचे, कोणत्या चारीला किती द्यावयाचे आणि उन्हाळ्यासाठी किती राखावयाचे हे ठरलेले नसेल, तर भरलेल्या धरणाखालीही टेलचा शेतकरी कोरडा राहतो. विजेच्या साठ्याचेही तसेच आहे. आज त्या पाळीविषयीच बोलावयाचे आहे.

राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज द्यावयाची, हा तिचा हेतू होय. बिबट्याचा वावर असलेल्या उसात रात्री पाणी धरण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला या हेतूचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु सूर्य आपल्या गरजेप्रमाणे तळपत नाही. दुपारी वीज मुबलक असते आणि दिवेलागणीला, मागणी वाढते नेमके तेव्हा, सौर उत्पादन संपलेले असते. शिवाय ढग आडवा आला की काही क्षणांत उत्पादन निम्म्यावर येते. विजेच्या जाळ्यात तर मागणी व पुरवठा यांचा मेळ प्रत्येक क्षणी बसावा लागतो. तो बिघडला की ५० हर्ट्झची वारंवारता ढळू लागते. म्हणून साठवण हवी. आणि एकाच जातीची साठवण पुरत नाही.

दोन साठे, दोन कामे

घरात रांजण असतो आणि तांब्याही असतो. तहानलेल्याच्या हाती तांब्या चटकन देता येतो, पण घर त्यावर चालत नाही. विजेच्या संमिश्र साठवणीत बॅटरी हा रांजण, तर सुपर-कपॅसिटर हा तांब्या. पंपाला बसवतात त्या कपॅसिटरच्याच जातीचा, पण फार मोठ्या धारणशक्तीचा. तो वीज थोडी साठवतो, परंतु लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी फारसा झिजत नाही. बॅटरी पुष्कळ साठवते. मात्र तिचे आयुष्य काही हजार फेऱ्यांचे असते. आजची लिथियम बॅटरीही झटपट वीज देऊ शकते. प्रश्न तिच्या वेगाचा नसून झिजेचा आहे.

एक हिशेब करू. समजा, वाहिनीवर पंपांची मागणी ८०० किलोवॅट आहे आणि ढगामुळे सौर उत्पादन एकदम ५०० किलोवॅटवर आले. तूट ३०० किलोवॅटची. नियंत्रक ही तफावत सतत मोजतो. तिची गेल्या एका मिनिटाची सरासरी तो बॅटरीकडे सोपवतो आणि उरलेला चढउतार कपॅसिटरकडे. म्हणून पहिल्या क्षणी सारा भार कपॅसिटर उचलतो. मिनिटभरात बॅटरी हळूहळू तो आपल्याकडे घेते. या मिनिटात कपॅसिटरमधून अवघी अडीच युनिट वीज जाते. ढग तासभर राहिला तर बॅटरीतून सुमारे ३०० युनिट जातील. पहिले काम धक्का सोसण्याचे, दुसरे पुरवठा टिकवण्याचे. धक्का सरला की बॅटरीतून किंवा उन्हातून कपॅसिटर पुन्हा भरून घ्यावा लागतो. नाहीतर पुढच्या ढगाला तांब्या रिकामा सापडेल.

यापेक्षा मोठा साठा डोंगरातही करता येतो. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज मुबलक असताना पाणी वरच्या तलावात चढवावयाचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज घ्यावयाची, ही त्याची रीत. क्षणांसाठी कपॅसिटर, तासांसाठी बॅटरी, साऱ्या राज्याच्या जाळ्यासाठी घाटघर, अशी ही उतरंड आहे.

राखून किती ठेवावयाचे?

बॅटरी तळापर्यंत उपसू नये आणि दुपारचे ऊन पडण्याआधी काठोकाठ भरूही नये, असा नियम नियंत्रकात घालावा लागतो. येथवरचे काम अभियंत्याचे. पुढचा प्रश्न मात्र आपला आहे. दुपारी चार वाजता बॅटरीत निम्मा साठा उरला असेल, तर तो पंपांना द्यावयाचा, की संध्याकाळच्या पाणीपुरवठ्यासाठी आणि आरोग्य उपकेंद्रासाठी राखावयाचा? यंत्र हा निर्णय घेत नाही. त्याला सांगितलेला निर्णय ते पाळते. गावाने काहीच सांगितले नाही, तर दुसऱ्या कोणी घातलेला नियम ते पाळील आणि अंधार झाल्यावर त्याचा अर्थ आपणांस कळेल.

म्हणून पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, आपल्या वाहिनीवर साठवण यावयाची असेल तेव्हा ती किती युनिटची, एवढेच विचारून थांबू नका. तिची पाळी कोणती, हेही विचारा. तो क्रम ग्रामसभेत ठरवा आणि फलकावर लिहा. अधिकाऱ्यांनी साठ्याची रोजची नोंद गावाला पाहता येईल अशी ठेवावी. शिक्षकांनी वर्गात रांजण व तांब्या मांडून हा धडा द्यावा. मुले तो घरी नेतील.

पाण्याची शेजपाळी बसवताना आपल्या वडीलधाऱ्यांना पुष्कळ वाद सोसावे लागले. विजेच्या साठ्याची पाळी आपण वाद होण्यापूर्वीच बसवू शकतो. ती संधी आपण दवडू नये, एवढेच सांगून आपली रजा घेतो.