ताप उतरत नाही तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



आपल्या शहापूर-मुरबाडकडे भाताची आवणी सुरू झाली की घरोघर तापाची अंथरुणे पडतात. भिजल्याने आला, दोन दिवसांत उतरेल, असे आपण म्हणतो. पुष्कळदा उतरतोही. जो उतरत नाही, त्याविषयी आज बोलते.

माझ्या धाकट्या जावेला असाच ताप आला. एकीकडे इंजेक्शन, दुसरीकडे गोळ्या झाल्या. बाराव्या दिवशी रक्त तपासले, तर काहीच सापडेना. डॉक्टर म्हणाले, "एवढी औषधे पोटात गेल्यावर जंतू कसे सापडणार?" जाऊ वाचली, पण आवणी गेली आणि गाठीचा पैसाही.

तेव्हा कळले, की रक्त कोणत्या दिवशी घेतले यालाही महत्त्व आहे. हिवतापासाठी बोटाचे रक्त काचेवर घेतात. सरकारी दवाखान्यात हे फुकट होते. एकदा दोष दिसला नाही आणि ताप चालूच राहिला, तर पुन्हा तपासावे. डेंग्यूची पहिल्या पाच दिवसांतली तपासणी वेगळी, नंतरची वेगळी. विषमज्वराचे जंतू रक्तात वाढवून पाहावयाचे, ते पहिल्या आठवड्यात आणि औषधापूर्वी घेतलेल्या रक्तात सापडण्याचा संभव अधिक. १८९६ सालापासूनची विडाल तपासणी सोपी खरी, पण तिच्या एका आकड्यावर विसंबू नये. ताप वा खोकला दोन आठवडे टिकला, तर क्षयाची तपासणी करून घ्यावीच.

चिखलात अनवाणी राबणाऱ्यांना उंदरांच्या मुतापासून लेप्टो होतो. गवतझुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ साली विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. त्यात चाव्याच्या जागी काही वेळा काळी खपली धरते, आणि ती बहुधा काखेत, कमरेला, छातीखाली असते. भगिनींनो, आपण लाजेने तेवढेच दाखवीत नाही! ती खपली दिसली, तर डॉक्टरांना रोगाची दिशा सापडते आणि साध्या, स्वस्त औषधाने माणूस बरा होतो.

म्हणून ताप आल्याची तारीख आणि घेतलेली औषधे कागदावर लिहून ठेवा. रानात, पाण्यात गेलो होतो हे सांगा. "औषधाआधी रक्त घ्यायचे का?" असे विचारा. मात्र धाप लागली, शुद्ध हरपली, लघवी कमी झाली किंवा बाई गरोदर असली, तर तपासणीसाठी थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.

घरात कोणाचा ताप कितव्या दिवशी चढला, हे आपल्यालाच ठाऊक असते. ते सांगायला आपण संकोचू नये, एवढेच माझे मागणे.