दवण्याचे दूरचे नातेवाईक



कामगार संघटनेच्या माणसाने फुलावर बोलावे, याचे आपणांस हसू आले असेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन गेटसभा आटोपल्यावरचे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात १९३३ साली बागमजुरांनी संप केला. मालकांशी चकमक उडाली, सैनिक आले, संपकऱ्यांना लाकडी कोंडवाड्यात डांबले. त्या मुलखाविषयी वाचता वाचता हे फूल आम्हांला भेटले.

बागा कालव्याच्या पाण्यावर. कालव्यापलीकडे वर्षाकाठी जेमतेम ८ इंच पाऊस, तोही बहुतेक हिवाळ्यात. खाली काळा बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हारसाचा. वर सेजब्रशची करडी झुडपे. चैत्रात जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा हा भाऊबंद. त्यांच्यामधल्या दगडगोट्यांत वीतभर उंचीचे एरिजेरॉन लिनिआरिस उगवते. पाने काडीसारखी बारीक, फूल पिवळे. खाली सोटमूळ, आणि दरवर्षी त्याच जुन्या बुडख्यातून नवे कोंब.

‘एक फूल’ म्हटले, तीच चूक. कडेच्या १५ ते ४५ ‘पाकळ्यां’तली प्रत्येक स्वतंत्र फूल आहे, मधल्या चकतीत आणखी कितीतरी नळीदार फुले. कडेच्यांत फक्त स्त्रीकेसर, मधल्यांत पुंकेसरही. पटत नसेल तर कुंपणाशी वाढणारी एकदांडी नखाने उकलून पाहा, कूळ तेच. आम्हीही तसेच केले, कारण ते अमेरिकन फूल आम्ही पाहिले आहे केवळ चित्रात.

त्या माळावर आता चीटग्रास नावाचे गवत पसरले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते युरोप-आशियातून तिकडे गेले. पानगळीत उगवते, वसंतातच जमिनीची ओल पिऊन टाकते आणि उन्हाळ्याच्या तोंडी वाळून कोळ होते. झुडपांमधल्या मोकळ्या जागा त्याने भरल्या की आग एका झुडपावरून दुसऱ्यावर जाते. जळालेला सेजब्रश बुंध्यातून फुटत नाही. गवत मात्र पुढल्या वर्षी आधी हजर. पुणेकरांना हे काय सांगावे! गाजरगवत १९५५-५६ च्या सुमारास इथेच नजरेत भरले. तेही याच कुळातले. भाऊबंदकी कुठे चुकली आहे?

जळालेल्या माळांवर तिकडे सेजब्रशचे बी पेरतात. आमचे मत असे, की त्या पेरणीत या बारक्या फुलझाडांनाही हक्काची जागा हवी. सेजग्राऊस पक्ष्याची पिले पहिले काही आठवडे अशाच झाडोऱ्यावर आणि त्यांतल्या किड्यांवर वाढतात. सेजब्रशचा पाला त्यांना पुढे, मोठेपणी.