कळ आणि अक्षर



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, शेती, आरोग्य असे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या पंक्तीत "वेबपृष्ठावरील कळफलक आणि जावास्क्रिप्ट" हे पान वाढलेले पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यांचा काही दोष नाही. विषय कारागिराचा आहे हे आम्ही कबूल करतो. पण ज्या वस्तूशी आपला रोजचा संबंध येतो तिची कारागिरी थोडीशी तरी ग्राहकाला ठाऊक असावी, नाही तर सुताराने वाकडे दार बसविले तरी "आपल्यालाच ते उघडता येत नाही" असे घरमालकाला वाटत राहते.

हा विषय मुळशीत बोलण्याला आणखी एक कारण आहे. हिंजवडी याच तालुक्यात आहे. तेथे हजारो तरुण मंडळी संगणकाच्या आज्ञा लिहीत बसलेली असतात. आणि याच तालुक्यात ताम्हिणीच्या बाजूला एखादी माउली मुलाच्या शाळेचा अर्ज फोनवर भरीत असते. लिहिणारा आणि भरणारा एकाच तहसिलीचे रहिवासी. पण दोघांची भेट होते ती फक्त त्या अर्जातल्या रिकाम्या चौकटीत. तेथे ही भेट नीट होते की नाही, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. वेबपृष्ठाला चलनवलन देणारी जी भाषा तिचे नाव जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक या गृहस्थाने १९९५ च्या मे महिन्यात, नेटस्केप या कंपनीत असताना, दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला. घाईत बांधलेल्या घरात कोठे कोठे कोनाडे तिरके राहतात, तसे तिचेही झाले. पण आज जगात असे वेबपृष्ठ विरळा, की ज्यात ती नाही.

या भाषेत पृष्ठावर जे जे घडते त्याला "घटना" म्हणतात. कळ खाली गेली, ही एक घटना, तिचे नाव कीडाउन. बोट उचलले, ही दुसरी, कीअप. मध्ये कीप्रेस नावाची तिसरीही एक होती. ती आता कालबाह्य ठरविली आहे, नव्या कामात तिचा आधार घेऊ नये. कळीवर बोट रेंगाळले तर कीडाउन पुन्हा पुन्हा होते, आणि "ही पुनरावृत्ती आहे" अशी खूणही घटनेबरोबर येते. घटना म्हणजे हाक. त्या हाकेला ओ देणारा कोणी तरी कारागिराने नेमून ठेवावा लागतो. न नेमला तर हाक वाऱ्यावर जाते.

ही हाक चालते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. चौकटीत कळ दाबली की घटना प्रथम पृष्ठाच्या माथ्यावरून खाली चौकटीपर्यंत उतरते आणि मग पायरीपायरीने परत वर जाते: चौकट, तिला धारण करणारा अर्ज, मग सबंध पृष्ठ. गावचे गाऱ्हाणे तलाठ्याकडून तहसीलदाराकडे, तेथून जिल्ह्याला जावे तसे. वाटेत कोणीही अधिकारी "हे येथेच मिटले" म्हणून तिला थांबवू शकतो. आणि कोणी "कळीचा नेहमीचा परिणाम होऊ देऊ नका" असा मनाई हुकूमही काढू शकतो. हा दुसरा अधिकार फार मोठा आहे. कारण तो वापरला की माणूस कळ दाबतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. आजच्या बोलण्यातला सारा अनर्थ या अधिकारापाशीच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कळ आणि अक्षर या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. जुन्या टंकलेखन यंत्राच्या काळात हा भेद जाणवत नसे. कळ दाबली की तिच्या दांडीवरचा खिळा कागदावर आपटे. खिळ्यावर जे कोरले असेल तेच उमटे. म्हणून ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते तर टंकलेखकाला ती व्यंजनाच्या आधी मारावी लागे. संगणकाने ही रीत बदलली. आता वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर साठविली जाते, आणि ती डावीकडे मांडण्याचे काम यंत्र करते. भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट नावाचा एकच कळफलक १९८६ साली ठरविण्यात आला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. पुढे १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःचे घर मिळाले.

इन्स्क्रिप्टवर "मुळशी" लिहून पाहू. रोमन सी ज्या कळीवर छापली आहे ती दाबली की म. जी दाबली की उकार. शिफ्ट धरून एन, की ळ. शिफ्ट धरून एम, की श. शेवटी आर, की दीर्घ वेलांटी. पाच वेळा कळ दाबली, संगणकात पाच चिन्हे साठली. आपले कान मात्र तीन अक्षरे मोजतात. "श्रीकृष्ण" हे नाव आपल्या हिशेबी तीन अक्षरांचे, पण जावास्क्रिप्टला लांबी विचारा, ती नऊ सांगेल. नावाच्या चौकटीवर मर्यादा घालणाऱ्याने हा फरक ध्यानी धरला नाही, तर लांब नावाचा माणूस अर्धवट नावाने कागदोपत्री जगतो.

कीडाउनच्या घटनेबरोबर दोन माहित्या येतात. एकीचे नाव कोड. ती कळीची जागा सांगते. दुसरीचे नाव की; ती त्या कळीने कोणते चिन्ह दिले ते सांगते. म उमटला तेव्हा कोड सांगतो "सीची कळ", आणि की सांगते "म". दोन्ही खरे बोलतात; आपण कोणाला काय विचारतो यावर सारे अवलंबून. बुद्धिबळाचा किंवा मोटारीचा खेळ करावयाचा असेल, बोटांच्या जागा महत्त्वाच्या असतील, तर कोडला विचारावे. अक्षराशी काम असेल तर कीला विचारावे.

याचे उदाहरण आपल्या तालुक्याच्या भूगोलातच आहे. "दर्या" आणि "दऱ्या" हे दोन शब्द घ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या खिंडीखालच्या खोल दऱ्या. इन्स्क्रिप्टवर दोन्ही शब्दांच्या कळा त्याच आणि त्याच क्रमाने: द, र, हलंत, य, काना. फरक एवढाच की दुसऱ्या शब्दात र च्या कळीबरोबर शिफ्ट धरावी लागते आणि तेथे मराठीचा खास ऱ येतो. ज्याने केवळ कोडवर भिस्त ठेवली आणि शिफ्टची चौकशी केली नाही, त्याला दोन्ही शब्द एकच. त्याच्या वहीत मुळशीच्या दऱ्यांचा दर्या होतो. या तालुक्यात ही चूक हसून सोडून देण्यासारखी नाही. मुळा नदीवरील धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. पुढे धरण झाले आणि दऱ्यांत खरोखरच पाणी भरले. ज्या गावांची जमीन गेली त्यांचे मागे राहिले ते नाव. ते नाव तरी लिहिताना शाबूत राहावे, ही अपेक्षा जास्त नव्हे.

येथे आम्हांस आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी आम्ही अर्जाचे एक पृष्ठ तयार केले. गावाच्या चौकटीत कोणी आकडे किंवा भलतीसलती चिन्हे घालू नयेत म्हणून आम्ही एक पहारेकरी बसविला. प्रत्येक कीडाउनला तो पाही, की हे अक्षर आहे काय? असेल तर आत, नसेल तर मनाई हुकूम. आपण देवनागरीचाही विचार केला याचा आम्हांस अभिमान होता, कारण "अक्षर" म्हणजे युनिकोडच्या कोष्टकात अक्षर म्हणून नोंदलेले कोणत्याही लिपीतले चिन्ह, असा नियम आम्ही लिहिला होता. रोमन लिपीत "मुळशी" लिहून तपासले, सारे सुरळीत. काम सोपवून मोकळे झालो.

काही दिवसांनी एका वृद्ध गृहस्थांचा निरोप आला. ते म्हणाले, "अहो, तुमच्या अर्जात माझ्या गावाचा तालुका मळश होतो. मी पाच वेळा लिहिला. माझी बोटे थकली म्हणावे, की तुमच्या यंत्राला आमचा तालुका मान्य नाही?"

आम्ही बसून पाहिले आणि शरमिंदे झालो. युनिकोडच्या कोष्टकात म, ळ, श ही अक्षरे आहेत. पण उकार आणि वेलांटी यांचा वर्ग निराळा, त्यांना "खुणा" म्हटले आहे. आमच्या पहारेकऱ्याने अक्षरे आत घेतली आणि मात्रा दारात अडविल्या. हलंतही खूणच, तेव्हा एकही जोडाक्षर आत जाईना. आणि गंमत पाहा! बॅकस्पेसची कळ मात्र आत जाई. कारण तिची "की" म्हणून जे नाव येते ते निव्वळ रोमन अक्षरांचे बनलेले. म्हणजे मराठी माणसाला लिहिलेले पुसण्याची मुभा होती, मात्रा देण्याची नव्हती.

दुरुस्ती नियमात एक वर्ग वाढवून झाली असती. पण त्या निमित्ताने ध्यानात आले, की पहारेकरी बसविण्याची जागाच चुकली होती. कळीवर पहारा ठेवणे म्हणजे पाहुण्याला न पाहता त्याच्या पायताणावरून पारखणे. अनेक लोक रोमन अक्षरांत उच्चार लिहितात आणि यंत्र त्याचे देवनागरी शब्द सुचविते. या जुळवाजुळवीच्या काळाला जावास्क्रिप्टमध्ये "कंपोझिशन" म्हणतात. तिचा आरंभ आणि शेवट यांच्या स्वतंत्र घटना असतात. सुचविलेला शब्द पक्का करण्यासाठी माणूस एंटर दाबतो, आणि एंटर म्हणजे "अर्ज पाठवा" असे समजणारे पृष्ठ अर्धाच अर्ज पाठवून मोकळे होते. घटनेला "जुळवणी चालू आहे काय?" असे विचारण्याची सोय आहे, तिचे नाव इज-कंपोझिंग. ती एका ओळीची चौकशी न केल्यामुळे किती अर्ज अर्ध्यावर गेले असतील, देव जाणे.

फोनवर तर कळ ही वस्तूच आभासी. अँड्रॉइड फोनवर पुष्कळदा कीडाउनबरोबर "ओळख पटली नाही" असाच शेरा येतो, आणि कळीचा जुना आकडा कोणतेही अक्षर असो, २२९ येतो. कोणी बोलून लिहितो, कोणी दुसरीकडचा मजकूर उचलून चिकटवितो. तेथे कळ दाबलेलीच नसते. म्हणून ज्याला मजकुराशी काम आहे त्याने "इनपुट" या घटनेला ओ द्यावी. मजकूर कोणत्याही रीतीने बदलला तरी ती घडते.  सारा मजकूर लिहून होऊ द्यावा, मग एकदाच तपासावा. आणि काही चुकले असेल तर ते शब्दांत सांगावे. मुकाट्याने अक्षर गिळणे हा उद्धटपणा आहे.

मग कळीच्या घटनांना कामच उरले नाही काय? उरले आहे, आणि ते मोलाचे आहे. ज्यांना दिसत नाही, किंवा हात कापत असल्याने ज्यांना माउस धरता येत नाही, त्यांचे सारे दळणवळण कळफलकावरून चालते. टॅब दाबीत ते एका चौकटीतून दुसरीत जातात. पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली त्यांना ऐकवीत असते. कारागिराने खरे बटण वापरले तर ब्राउझर आपण होऊनच एंटर आणि स्पेस या कळांना दाद देतो. पण शोभेसाठी एखादी साधी पेटी रंगवून तिला बटणाचे सोंग दिले आणि फक्त माउसच्या टिचकीला ओ देणारा नेमला, तर आंधळ्या माणसापुढे दार आहे, पण कडी नाही. आणि टॅबवर मनाई हुकूम काढला तर तो एका चौकटीत कोंडला जातो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आपल्या देशात २०१६ साली झाला. पण कायदा व्हावा लागला, हीच आम्हां कारागिरांच्या दृष्टीने शोभेची गोष्ट नव्हे.

समारोप थोडक्यात करतो. येथे बसलेल्या तरुण मंडळींपैकी जे हिंजवडीस कामाला जातात त्यांना आमची एकच विनंती आहे. पृष्ठ तयार झाले, की रोमन लिपीत तपासून थांबू नका. त्यात "मुळशी" लिहा, "दऱ्या" लिहा, आजोबांचे पूर्ण नाव मात्रांसकट लिहा, फोनवरून लिहा, आणि एकदा माउस बाजूला ठेवून डोळे मिटून लिहा. आणि वडीलधाऱ्यांना एवढेच सांगणे, की यंत्राने आपले नाव नाकारले तर आपली बोटे चुकली असे लगेच मानू नका. विचारा. त्या वृद्ध गृहस्थांनी विचारले नसते, तर आमच्या अर्जात हा तालुका आजही मळशच राहिला असता.