मूकपटाच्या काळातील फिल्म-धुलाई



छायाचित्रकाराकडे रोल नेऊन देताना एके काळी घरोघर एकच शब्दप्रयोग ऐकू येत असे : ‘रोल धुवायला दिला आहे.’ मराठी भाषेने येथे मोठी काटकसर केली आहे. प्रकाशाने फिल्मवर उमटलेली, परंतु डोळ्यांना न दिसणारी प्रतिमा दृश्य करणे, ती योग्य त्या क्षणी रोखणे, अनावश्यक क्षार काढून टाकणे, वाहत्या पाण्याने फिल्म स्वच्छ करणे आणि अखेरीस ती वाळविणे, एवढ्या सगळ्या क्रिया त्या एका शब्दात सामावल्या आहेत. यांपैकी खऱ्या अर्थाने धुणे म्हणता येईल अशी क्रिया एकच. तथापि चित्र टिकणार की पिवळे पडून नाहीसे होणार, हे त्या एका क्रियेवरच मुख्यतः ठरत असल्यामुळे भाषेची ही निवड चुकीची म्हणता येत नाही.

चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत कॅमेऱ्याला प्रकरण मिळते, नटनटींना तर प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात. धुलाईच्या हौदाला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. वस्तुतः भारतात कॅमेरा दादासाहेब फाळक्यांच्या पूर्वीच येऊन पोहोचला होता. सावे दादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती चित्रित केली. परंतु ती फिल्म धुण्याची सोय येथे नव्हती. त्यासाठी ती लंडनला पाठवावी लागली. कुस्ती मुंबईत झाली, लढणारे मल्ल येथले, पाहणारे येथले. पडद्यावर येण्यासाठी मात्र तिला विलायतेची वारी घडली! पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा सुमारे ३७०० फूट लांबीचा चित्रपट दादरच्या एका राहत्या घरी धुतला गेला. या चौदा वर्षांत झालेला बदल समजून घ्यावयाचा तर त्या काळची धुलाईची साधने आधी पाहिली पाहिजेत.

मुख्य अडचण होती ती लांबीची. छायाचित्राची काचेची तबकडी एका पसरट भांड्यात सुखाने मावते आणि तेथेच हलविता येते. चित्रपटाची फिल्म ही जेमतेम दीड इंच रुंदीची, पण शेकडो फूट लांबीची पट्टी. ल्युमिएर बंधूंचे पहिले चित्रपट सुमारे १७ मीटरचे, म्हणजे पन्नास सेकंदांत संपणारे होते. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविले गेले ते असेच. एवढी लहान फिल्म वेळप्रसंगी बादलीतही धुता येई, आणि गावोगाव हिंडणारे ल्युमिएर यांचे प्रतिनिधी मुक्कामाच्या ठिकाणीच ते काम उरकीत. पण कथापट आले आणि लांबी हजार फुटांवर गेली. एका फुटात सोळा चित्रे; हजार फुटांत सोळा हजार. या सोळा हजार चित्रांपैकी प्रत्येकाला तेच द्रावण, तेवढीच उष्णता आणि तेवढाच वेळ मिळाला पाहिजे. पट्टीचा एक वेढा दुसऱ्या वेढ्याला चिकटता कामा नये. आणि ओल्या फिल्मला कशाचाही स्पर्श होता कामा नये. भिजलेले जिलेटिन दुधावरच्या सायीसारखे नाजूक असते. नखाचा ओझरता ओरखडा उठला तरी पडद्यावर तो शेकडो पटींनी मोठा होऊन विजेसारखा चमकून जातो.

यावर पहिला व्यवहार्य तोडगा निघाला तो लाकडी चौकटीचा. सुमारे २०० फूट फिल्म चौकटीवर वेढ्याला वेढा न लागेल अशा बेताने गुंडाळावयाची आणि ती चौकट उभ्या, खोल हौदात सोडावयाची. हौद ओळीने मांडलेले असत. पहिल्यात प्रतिमा उमटविणारे द्रावण, म्हणजे डेव्हलपर, त्यानंतर साधे पाणी, नंतर हायपो, आणि शेवटी पुन्हा पाणी, पण या वेळी वाहते. दुसरी पद्धत ढोलाची होती. लाकडी पट्ट्यांच्या मोठ्या ढोलावर फिल्म गुंडाळून तो विहिरीवरच्या रहाटाप्रमाणे फिरवीत ठेवावयाचा. त्याचा तळचा भाग उथळ पन्हळीतील द्रावणात बुडत राही, त्यामुळे द्रावण कमी लागे. पुढे धुण्यासाठी चौकट आणि वाळविण्यासाठी ढोल अशी वाटणी बहुतेक ठिकाणी रूढ झाली. मोकळ्या हवेत फिरणाऱ्या प्रचंड ढोलांवर वाळणाऱ्या फिल्म हे त्या काळच्या प्रयोगशाळांचे नेहमीचे दृश्य होते.

या पद्धतीत सर्वांत मोलाची वस्तू होती ती कारागिराची नजर. त्या काळच्या फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे. साहजिकच तांबड्या कंदिलाच्या मंद उजेडात कारागीर मधूनमधून चौकट वर उचलून पाही आणि चित्र कितपत उमटले याचा अंदाज घेई. चित्रण करताना प्रकाश अधिक पडला असेल तर चौकट लवकर काढावयाची, कमी पडला असेल तर थोडी जास्त वेळ ठेवावयाची. कॅमेऱ्यामागच्या माणसाची चूक अंधाऱ्या खोलीतला माणूस अशा रीतीने सांभाळून घेई. याचे श्रेय त्याला कोणी दिल्याचे दिसत नाही. चौकटीचा एक उपजत दोष मात्र उत्तम नजरेलाही टाळता येत नव्हता. चौकटीच्या वरच्या व खालच्या दांडीवरून फिल्म जेथे वळे तेथे द्रावणाचा परिणाम निराळा होई आणि ठरावीक फुटांच्या अंतराने पडद्यावरील उजेड क्षणभर कमीजास्त झाल्यासारखा दिसे. मूकपट पाहणाऱ्यांना याची बहुधा सवयच झाली असावी.

हायपोनंतरच्या पाण्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. हायपो हे द्रव्य प्रकाशाचा परिणाम न झालेले चांदीचे क्षार विरघळविते. त्यावाचून फिल्म उजेडात आणताच काळवंडेल. पण काम संपल्यावर तेच द्रव्य जिलेटिनमध्ये उरले तर काही वर्षांनी चित्राची चांदीच खाऊ लागते. चित्र पिवळे पडते आणि विरत जाते. ते पूर्णपणे काढून टाकावयाचे तर वाहते पाणी भरपूर हवे आणि घाई नको. ज्या धंद्यात चित्रपट शनिवारी झळकलाच पाहिजे अशी निकड असते, तेथे या शेवटच्या अर्ध्या तासावर गदा येणे स्वाभाविक होते. कमी धुतलेली फिल्म पहिल्या दिवशी कमी धुतलेली दिसत नाही, हीच खरी पंचाईत.

उष्ण प्रदेशात आणखी एक संकट उभे राही. डेव्हलपरची उष्णता साधारणतः ६५ अंश फॅरनहाइट असावी असा दंडक होता. मुंबईच्या वैशाखात नळाचे पाणीही त्याहून पुष्कळ गरम असते. अशा पाण्यात जिलेटिन फुगते, सुरकुतते आणि प्रसंगी फिल्मपासून सुटून येते. त्यामुळे बर्फाने द्रावण थंड करणे, जिलेटिन घट्ट करण्यासाठी तुरटीच्या जातीचे क्षार वापरणे, रात्री किंवा पहाटे काम करणे हे उपाय उष्ण देशांतील कारागिरांना योजावे लागत. इंग्रजी पुस्तकांतील कृती जशीच्या तशी येथे चालत नसे.

यंत्राचा विचार प्रथम सुचला तो इंग्लंड-फ्रान्समध्ये, आणि त्यामागे गणित होते प्रतींचे. निगेटिव्ह एकदाच धुवावयाचा असतो. त्यावरून काढलेल्या प्रती मात्र डझनांनी, शेकड्यांनी धुवाव्या लागतात. सेसिल हेपवर्थ या इंग्रज निर्मात्याने १८९८ मध्येच फिल्म आपोआप धुणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. चार्ल्स अर्बन यांच्या कंपनीतील नोकरी सुटल्यावर थेम्सकाठच्या वॉल्टन येथे एक घर भाड्याने घेऊन त्याने आपला व्यवसाय मांडला. त्याचा ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ हा १९०५ चा चित्रपट इतका खपला की प्रती काढता काढता निगेटिव्ह झिजून गेला आणि संपूर्ण चित्रपट पुन्हा दोन वेळा चित्रित करावा लागला. एवढ्या मागणीला चौकटी आणि हौद कोठवर पुरे पडणार?

या यंत्राची कल्पना सोपी आहे. चौकट हौदातून हौदात नेण्याऐवजी फिल्मच एका टोकाने यंत्रात शिरावी, रुळांवरून वरखाली होत एकामागून एक हौदांतून जावी आणि दुसऱ्या टोकाने वाळून बाहेर पडावी. वेळ ठरतो तो वेग आणि लांबी यांवरून. फिल्म मिनिटाला २० फूट या वेगाने जात असेल आणि डेव्हलपरमध्ये ती पाच मिनिटे राहावयास हवी असेल, तर कोणत्याही क्षणी १०० फूट फिल्म त्या हौदात असली पाहिजे. कल्पना सोपी असली तरी अंमलबजावणी महाकठीण ठरली. भिजली की फिल्म लांबते, वाळली की आखडते. सर्व दातेरी चाके एकाच गतीने फिरविली तर एकीकडे ती सैल पडून गुंता होतो आणि दुसरीकडे ताण बसून कडेची छिद्रे फाटतात. पुढे काही रूळ वरखाली सरकू शकतील असे बसवून आणि फिल्म थोडी घसरू देऊन ही अडचण दूर झाली. फिल्म तुटली तर मात्र अनर्थच. डेव्हलपरमध्ये अडकून पडलेली सगळी लांबी पाहता पाहता काळी होई. निगेटिव्हच्या बाबतीत हा धोका पत्करण्यास निर्माते कित्येक वर्षे तयार नव्हते. प्रती यंत्रात आणि निगेटिव्ह चौकटीवर, अशी विभागणी मूकपटाच्या अखेरच्या वर्षांपर्यंत अनेक ठिकाणी टिकली, ती याच कारणाने.

हेपवर्थच्या याच वॉल्टनमध्ये १९१२ च्या फेब्रुवारी महिन्यात एक मराठी गृहस्थ पोहोचले. विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेलेल्या दादासाहेब फाळक्यांना ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी हेपवर्थकडे नेले आणि हेपवर्थने आपल्या स्टुडिओचे सर्व विभाग त्यांना मोकळेपणाने दाखविले. परतताना फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था केली. मोठे धुलाईयंत्र या यादीत नव्हते, आणि ते योग्यच होते. शेकडो प्रती खपविणाऱ्या कारखानदाराचे यंत्र, पहिलाच चित्रपट काढू पाहणाऱ्या माणसाला काय उपयोगाचे? रसायनांची ओळख त्यांना नव्याने करून घ्यावी लागली नाही. १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाल्यावर प्राचार्य गज्जर यांनी तेथील छायाचित्रण विभाग आणि प्रयोगशाळा त्यांच्या हाती सोपविली होती. मराठी चित्रपटाचा पाया घातला गेला त्यात बडोद्याच्या या अंधाऱ्या खोलीचा वाटा किती, हे आजवर पुरेसे सांगितले गेलेले नाही.

दादरच्या ज्या रस्त्यावरील बंगल्यात हे काम झाले त्या रस्त्याला पुढे फाळक्यांचेच नाव मिळाले. कच्ची फिल्म छिद्रांवाचून येई. फुटाला एका कडेस चौसष्ट छिद्रे, तीही अंधारात पाडावयाची. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. रसायने मिसळणे आणि फिल्म धुणे याही कामांत त्या पतीच्या बरोबरीने उभ्या राहिल्या, आणि दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. चित्रपट पाहण्याच्या ध्यासापायी फाळक्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तांबड्या कंदिलाच्या उजेडात दुसऱ्या विश्वासू नजरेची किंमत काय होती हे उमगते. भारतातील पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञांत या बाईंची गणना निःसंकोचपणे व्हावयास हवी. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट झळकला. सावे दादांच्या कुस्तीला जे साधले नव्हते ते येथे एका कुटुंबाने साधले होते.

कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनेही कॅमेऱ्यापासून सर्व काही स्वतः उभारले. तेथे तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’चे आधारस्तंभ झाले. दरम्यान दोन गोष्टींनी चौकटीचे युग संपविले. १९२० नंतरच्या दशकात सर्व रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली. तिला तांबडा प्रकाशही चालत नसल्याने कंदील विझला आणि नजरेची जागा घड्याळाने व तापमापकाने घेतली. पाठोपाठ बोलपट आला. आवाज फिल्मच्या कडेवर उजेड-अंधाराच्या रूपाने नोंदला जाऊ लागताच धुलाईतील असमानता कानांना जाणवू लागली. जो दोष डोळ्यांनी सोसला होता तो कानांनी सोसला नाही. धुलाईयंत्र ही त्यानंतर चैन राहिली नाही. पुढे सुमारे ऐंशी वर्षे ती यंत्रे अखंड चालली आणि डिजिटल चित्रणाचा प्रसार झाल्यावर, एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, भारतातील प्रयोगशाळांतून एकामागून एक थांबली.

हेपवर्थचा व्यवसाय १९२४ मध्ये बुडाला आणि लिलावदारांनी त्याच्याकडील निगेटिव्ह वितळविण्यासाठी विकून टाकले. यंत्राने धुतलेल्या असोत वा हाताने, त्या फिल्मची किंमत चांदीच्या भावाने ठरली. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळे, मिळून सुमारे १४७५ फूट, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली. ही रिळे १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची आहेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. पहिले मत धरले तर त्यांचा निगेटिव्ह दादरच्या घरात धुतला गेला, आणि दुसरे धरले तर नाशिकला, जेथे फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कार्यशाळा दोन्ही हलविली होती.